बदलीच्या गावातला रविवार

बदलीचा हुकूम हाती पडला की नोकरदार गृहस्थ तीन गोष्टींची चौकशी करतो : भाड्याची जागा, मुलांची शाळा आणि पाणी सुटण्याची वेळ. चौथी गोष्ट त्याला सहसा सुचत नाही. ती पहिल्या रविवारी सकाळी त्याचे चार वर्षांचे अपत्य विचारते : "बाबा, आज कुठं जायचं?" पुण्यामुंबईकडे या प्रश्नाला तयार उत्तर असते. विंचूरसारख्या गावी बँकेत, शाळेत किंवा औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबाला मात्र ते उत्तर स्वतःच शोधावे लागते.

कांद्याचे भाव कोसळत असताना सहलीच्या गोष्टी काय करता, असे कोणी म्हणेल. परंतु १९८९ च्या बालहक्कविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या ३१ व्या कलमाने खेळ आणि विरंगुळा हा बालकाचा हक्क मानला आहे, आणि भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला आहे. अडचण अर्थशास्त्राची आहे. बाजारपेठ ऐपतीच्या मागे धावते, शासन मताच्या मागे. पाच वर्षांच्या बालकापाशी यांपैकी काहीच नाही. म्हणूनच त्याच्यासाठी एक तर कोणीतरी सार्वजनिक खर्चाने सोय करावयाची, नाहीतर त्याने दुकानांच्या झगमगाटात आईबापांचा हात ओढीत फिरावयाचे. पुणे महापालिकेने १९५३ साली पेशवे पार्क उभारले आणि १९५६ साली तेथे 'फुलराणी' धावू लागली. त्या चिमुकल्या आगगाडीने किती उत्पन्न दिले हे आज कोणी विचारीत नाही. तीत बसलेली माणसे स्वतःच्या नातवंडांना तिची हकिगत सांगत असतात.

आता विंचूरकडे पाहू. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचे हे गाव. भोवताली निफाड तालुक्यातील द्राक्षांचे मळे. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षमद्याविषयी धोरण जाहीर केले आणि त्यातून येथे 'वाइन पार्क' आले. धोरण शहाणपणाचे होते की नव्हते, हा निराळ्या लेखाचा विषय. पण जिल्ह्यातील द्राक्षपर्यटनाचा बोलबाला ऐकताना एक गोष्ट खटकते : या पर्यटनाच्या केंद्रस्थानी प्रौढाच्या हातातील पेला आहे. ज्या द्राक्षाच्या घडाकडे मूल तोंडाला पाणी सुटून पाहते, तो घड वेलीवर कसा लागतो, त्याचा बेदाणा कसा होतो, हे त्याला दाखविण्याची कल्पना क्वचितच कोणाला सुचते.

वस्तुतः दाखविण्यासारखे येथे पुष्कळ आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मधमेश्वरचा जलाशय याच तालुक्यात. १९८६ साली ते पक्षी अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरतात. मुलांना मात्र त्यांच्या स्थलांतराच्या नकाशाचे कौतुक नसते. काळ्या अंगाच्या आणि पांढऱ्या कपाळाच्या एका पाणपक्ष्याचे नाव 'वारकरी' आहे, एवढे सांगितले की त्यांचा अर्धा तास मजेत जातो. चमच्यासारख्या चोचीचा पक्षी दिसला तर जेवणाच्या वेळी त्याची नक्कल झालीच म्हणून समजावे.

लासलगाव बाजार समितीचा उपबाजार तर विंचुरातच आहे. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग, एकेका वाहनापाशी थांबून क्विंटलमागे बोली चढविणारे व्यापारी आणि शेवटच्या आकड्याकडे कान लावून उभा असलेला शेतकरी! मागणी-पुरवठ्याचा जो सिद्धान्त वर्गात फळ्यावर रेघा ओढूनही गळी उतरत नाही, तो येथे दहा वर्षांच्या पोराला दहा मिनिटांत दिसतो. फक्त हे रविवारी जमत नाही, कारण लिलावालाही सुटी असते. मे महिन्याच्या सुटीतील एखादी सकाळ त्यासाठी राखून ठेवावी.

खर्चाचा हिशेबही पाहावा. एस. टी. मध्ये पाच वर्षांखालील मूल विनातिकीट, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धे. म्हणजे आईबाप, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा एवढे कुटुंब दोन तिकिटांत नाशिकला जाऊन येते. मुलांचा विचार न करता आखलेली ही सवलत लेकुरवाळ्या कुटुंबाच्या इतकी उपयोगी पडली आहे की मुद्दाम बालकांसाठी आखलेल्या योजनांनी तिचा हेवा करावा. पुढे पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना धाकटा खांद्यावर येतो, ही गोष्ट अलाहिदा.

खरा अडसर तिकिटाचा नव्हेच. लहान मूल घेऊन निघालेल्या आईला देखावा नंतर लागतो; आधी सावली, पाणी, बसायला ओटा आणि स्वच्छ स्वच्छतागृह लागते. एका नामांकित स्थळी प्रस्तुत लेखकाने स्वच्छतागृहाच्या दाराला कुलूप पाहिले. चौकशी केली तेव्हा, किल्लीवाला जेवायला गेला आहे, असे उत्तर मिळाले. चार वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. पर्यटनाच्या आराखड्यांत कमानी असतात, पुतळे असतात, कारंजी असतात; एवढी साधी बाब मात्र राहून जाते.

आणि दर रविवारी कोणी अभयारण्यात जात नाही. उरलेल्या रविवारांना गावातच जागा हवी. नवे उद्यान म्हटले की जमीन आली, निधी आला, ठेकेदार आला आणि उद्घाटनाची तारीख आली. तोवर विचारणारे मूल दहावीला गेलेले असते. परंतु गावोगावी एक क्रीडांगण आधीच बांधून तयार आहे : शाळेचे. त्याची जमीन, त्याची कुंपणभिंत, त्यातील लिंबाची सावली यांवरचा खर्च केव्हाच होऊन गेला आहे. ते नेमके सुटीच्या दिवशी, म्हणजे मुलांना हवे त्या दिवशी, बंद ठेवणे हा साधनसंपत्तीचा शुद्ध अपव्यय होय. ते उघडे ठेवण्याचा जादा खर्च एका राखणदाराच्या चार तासांच्या मजुरीएवढा. मोडतोड होईल, पत्ते कुटणारी टोळकी येऊन बसतील, ही मुख्याध्यापकांची भीती खोटी नाही. ती जबाबदारी एकट्या शाळेवर टाकणेही अन्यायाचे होईल. राखणदाराची मजुरी ग्रामपंचायतीने द्यावी, देखरेखीला पालकांनी पाळीपाळीने बसावे, आणि गावात नव्याने आलेल्या कुटुंबांनी त्यात आधी नाव घालावे. शेजारपाजारच्या ओळखी व्हायला याहून बरी जागा त्यांना मिळणार नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. गावात राहायला येऊन मतदारयादीत नाव घातले की पुरे.