समुद्रावरची रातपाळी

हौसेखातर मासे धरायला खोल समुद्रात जाणे हा केवळ धनिकांचा छंद, अशी आपल्याकडे समजूत आहे. ज्याची स्वतःची होडी नाही त्याने काठावर बसून गळ टाकावा, एवढेच त्याच्या नशिबी. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मात्र गेल्या शंभरेक वर्षांत एक निराळी सोय रूढ झाली आहे. एकट्याला जी होडी परवडणार नाही, ती वीस-तीस माणसे मिळून परवडवून घेतात. हिचे दोन प्रकार आहेत. एकाच मंडळीने सबंध होडी ठरवून घेतली तर ती ‘चार्टर’. ज्याने तिकीट काढले त्याने यावे आणि डोईमागे ठरलेले भाडे द्यावे, अशी असेल तर ती ‘पार्टी बोट’. दुसऱ्या प्रकाराला काही ठिकाणी ‘हेड बोट’ असेही नाव आहे. हेड म्हणजे डोके. लग्नासाठी सबंध गाडी ठरविणे आणि तिकीट काढून एसटीत बसणे, यांत जो फरक तोच येथे आहे.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. कोणताही धंदा पाहिला की, येथे काम कोण करतो, किती तास करतो आणि त्याची मजुरी कोठून येते, हे प्रश्न आमच्या मनात आधी येतात. त्याच दृष्टीने या रात्रीच्या सफरीचे स्वरूप येथे सांगावयाचे आहे.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला सॅन डिएगो नावाचे बंदर आहे. एके काळी हे शहर कुपा माशाच्या, म्हणजे ट्यूनाच्या, धंद्याची राजधानी मानले जाई. जपानी, पोर्तुगीज आणि इटालियन कोळ्यांनी हा धंदा वाढविला. मासे डब्यांत भरण्याचे मोठे कारखाने तेथे होते. ते कारखाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडले. हौशी मासेमारांच्या होड्या मात्र त्याच बंदरातून आजही सुटतात.

सफरीचा क्रम साधारण असा असतो. रात्री नऊ-दहाच्या सुमारास उतारू धक्क्यावर जमतात. होडी मेक्सिकोच्या हद्दीत जाणार असेल तर पासपोर्ट जवळ लागतो. होडी निघाली की प्रथम बंदरातच तरंगत्या पिंजऱ्यांपाशी थांबते. तेथे जिवंत तारली आणि मांदेलीच्या जातीचे छोटे मासे विकत मिळतात. हेच आमिष. ते डेकवरच्या हौदात सोडतात आणि पंपाने समुद्राचे ताजे पाणी त्यांत अखंड खेळवतात. कारण कुपा जिवंत आमिषाला अधिक लवकर तोंड लावतो. मग उतारू खाली तळघरासारख्या खोलीत उतरतात. तेथे एकावर एक बसविलेल्या अरुंद फळ्या असतात. तेच बिछाने. इंजिनाच्या घरघरीत ते झोपी जातात आणि होडी रात्रभर चालून उजाडण्याच्या सुमारास माशांच्या जागी पोचते.

उजाडल्यावर खलाशी मूठमूठ जिवंत आमिष पाण्यात फेकतात, म्हणजे माशांचा थवा होडीशी रेंगाळतो. उतारू कठड्याशी गळ टाकून उभे राहतात. मासा दोरी घेऊन पळू लागला की उतारूला त्याच्यामागे होडीभर फिरावे लागते. शेजाऱ्याच्या दोरीच्या कधी वरून तर कधी खालून जावे लागते. दोऱ्यांचा गुंता होऊ न देणे हे खलाशाचे काम. मासा जवळ आला की आकडीने वर ओढून घेणे, त्यावर उतारूचा क्रमांक टाकणे, बर्फात ठेवणे आणि परतीच्या वाटेवर कापून तुकडे करून देणे, हीही त्याचीच कामे. पुष्कळ ठिकाणी उतारू आपसांत थोडे थोडे पैसे काढून पैज लावतात. ज्याचा मासा सर्वांत मोठा, त्याला ती रक्कम. समुद्र अखूट नाही, हेही या धंद्याला शिकावे लागले. पॅसिफिकमधला निळ्या पराचा कुपा फार कमी झाला, तेव्हा २०१५ साली अमेरिकेने हौशी मासेमाराची रोजची मर्यादा १० माशांवरून २ वर आणली.

आता हिशेबाकडे वळू. डेकवरच्या खलाशाला रोज मिळतो, पण त्याची खरी भिस्त उतारूंच्या बक्षिसीवर आणि मासे कापण्याच्या मजुरीवर असते. काही कोवळी पोरे तर पगाराशिवाय राबतात. समुद्रावर जायला मिळते आणि काम शिकायला मिळते, एवढाच त्यांचा मोबदला. संध्याकाळी सामान चढविण्यापासून दुसऱ्या दिवशी डेक धुवेपर्यंत हाच थोडा माणूसबळ राबत असतो. या कामांच्या यादीत एक काम असे आहे की ते उतारूला दिसत नाही, म्हणून त्याबद्दल बक्षिसीही मिळत नाही. ते काम म्हणजे रात्रीची राखण.

या होड्यांवर कायद्याचा हात कसा पडला, हे आधी पाहू. १ सप्टेंबर १९५१ रोजी न्यूयॉर्कजवळ माँटॉक येथून ‘पेलिकन’ नावाची ४२ फुटी होडी दिवसाच्या सफरीला निघाली. न्यूयॉर्कहून मासेमारांसाठी खास आगगाडी येई. तिच्यातून उतरलेली माणसे धावत होडीवर चढली. नाखवा धरून ६४ जण झाले. परतताना एक इंजिन बंद पडले, समुद्र खवळला, होडी उलटली आणि ४५ जण बुडाले. त्यांत नाखवाही होता. आपल्याकडे १९४७ च्या जुलैत रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्या आठवणीने कोकणातल्या जुन्या माणसांचा जीव आजही कासावीस होतो. ‘पेलिकन’चे दुःख त्याच जातीचे. तिच्यानंतर ओरड झाली आणि १९५६ साली अमेरिकेने कायदा केला, की सहांहून अधिक भाडोत्री उतारू नेणाऱ्या होडीची तटरक्षक दलाने तपासणी केलीच पाहिजे. किती माणसे चढवावयाची, हे नाखव्याच्या मर्जीवर राहिले नाही.

पण माणसे मोजणे सोपे असते, जागरण मोजणे कठीण. मुक्कामी उतारू नेणाऱ्या होडीवर, ती चालत असो वा नांगरलेली असो, रात्री राखणदाराने सर्वत्र फिरत राहिले पाहिजे, असा अमेरिकेचा नियम आहे. आग लागली, कोणी पाण्यात पडले, तर हाक देणे हे त्याचे कर्तव्य. हा नियम पाळला नाही तर काय होते, हे २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे दिसले. कॅलिफोर्नियातच सांताक्रूझ बेटाशी ‘कन्सेप्शन’ नावाची ७५ फुटी लाकडी होडी नांगरलेली होती. तिच्यावरचे उतारू मासेमार नव्हते, पाणबुडे होते. पण होडीची जात तीच, तळातल्या फळ्यांवर निजणे तेच. पहाटे तीनच्या सुमारास वरच्या दिवाणखान्यात आग भडकली. खालून बाहेर पडण्याच्या वाटा दोन होत्या, एक जिना आणि एक झडप. परंतु दोन्ही त्याच पेटलेल्या दिवाणखान्यात उघडत होत्या. ३३ उतारू आणि खाली निजलेला १ खलाशी, असे ३४ जण मेले. सर्वांत वरच्या मजल्यावर झोपलेले कप्तान व चार खलाशी वाचले. त्या रात्री फिरती राखण कोणीच करीत नव्हते.

कप्तान दोषी ठरला आणि २०२४ साली त्याला चार वर्षांची कैद झाली. तो त्या शिक्षेला पात्र होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने २०२० साली मुख्य कारण म्हणून जे नोंदविले, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. राखण होते की नाही, यावर मालक कंपनीने परिणामकारक देखरेख ठेवली नाही, असे ते कारण होते. डिसेंबर २०२१ मध्ये तटरक्षक दलाने नवे नियम काढले. एकमेकांशी जोडलेल्या आगीच्या सूचना, सुटकेच्या वाटा, खलाशांच्या कवायती यांबरोबरच राखणदार जागा आहे की नाही हे तपासणारे साधनही त्यांत आले.

साधन हवेच. परंतु ते साधन राखणदाराला झोपू देत नाही, एवढेच. त्याला झोपेचा वेळ मिळवून देत नाही. जो माणूस काल दुपारपासून सामान चढवितो आहे आणि उजाडताच आकडी हातात घेणार आहे, त्यालाच मधली रात्र जागावयास सांगणे म्हणजे नियम केवळ कागदावर पाळणे होय. कारखान्यात रातपाळी केलेल्या मनुष्याला दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी देऊ नये, यासाठी कामगारांना झगडावे लागले. समुद्रावर तोच प्रश्न आहे. रात्रीची राखण ही स्वतंत्र पाळी आहे; तिला स्वतंत्र माणूस, त्याला दिवसाची झोप आणि त्या झोपेसकट मजुरी हवी. हा खर्च तिकिटात धरला तर तिकीट थोडे महाग होईल. मालक तो टाळू पाहील, आणि स्वस्त तिकीट शोधणारा उतारू नकळत त्याला साथ देईल. म्हणून हा प्रश्न केवळ खलाशांचा नाही, उतारूंचाही आहे.

आपल्यापैकी फार थोडे जण सॅन डिएगोला जातील. पण रात्रीच्या खासगी बसमध्ये पडदा ओढून आपण सारेच निजतो. तिकीट काढताना खिडकीजवळची जागा आहे का, हे आपण विचारतोच. त्याबरोबर आज गाडी कोण चालविणार, त्याच्या जोडीला दुसरा चालक आहे का, आणि दोघे मागच्या खेपेनंतर किती तास झोपले, हेही विचारीत जावे. एकट्याने विचारले तर उत्तर मिळणार नाही. दहा जणांनी विचारले, तर पुढच्या खेपेला उत्तर तयार ठेवावे लागेल.