चेंडू भरकटतो तेव्हा

रविवारची सकाळ आहे. शाळेच्या मैदानावर मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना रंगात आला आहे. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी पहिले तीन डाव सुरेख चेंडू टाकीत आली आहे. आणि चौथ्या डावात एकाएकी चेंडू तिचे ऐकेनासा होतो. एक फलंदाजाच्या डोक्यावरून जातो, दुसरा अलीकडेच मातीत आपटतो. असे चार चेंडू वाया गेले की समोरची मुलगी बॅट न उचलताच पहिल्या बेसवर चालत जाते. तिच्यामागून दुसरीही जाते. मग मैदानाच्या कडेने उपदेशांचा पाऊस सुरू होतो. “अगं, हात सरळ ठेव!” “खांदा बघ, खांदा!” “घाई करू नकोस!” त्यांतच वडिलांचा आवाज येतो, “एवढं साधं जमत नाही का गं?” मुलगी मान खाली घालते, आणि पुढचा चेंडू आधीच्याहून वाईट पडतो.

श्रोतेहो, या घटकेला त्या मुलीला मदत कशी करावी, एवढाच आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे. प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु अशा दोन-तीन सकाळींनंतर खेळ कायमचा सोडून देणाऱ्या मुली काही थोड्या नसतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात, एका क्लबाच्या बंदिस्त दालनात झाला. मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली, आणि बेसबॉलची ही धाकटी बहीण जन्माला आली. पुढे ती मोकळ्या मैदानात आली, १९९६ साली अटलांटा येथे स्त्रियांचा खेळ म्हणून ऑलिंपिकमध्ये पोहोचली, आणि आपल्या महाराष्ट्रातील व मध्य प्रदेशातील शाळा-महाविद्यालयांतही रुजली. या खेळात चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. ती क्रिकेटच्या गोलंदाजासारखी धावत येत नाही. उभ्या जागेवरून एक लांब पाऊल टाकून, हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण फिरवून, मांडीजवळून खालच्या हाताने ती चेंडू सोडते. तो टप्पा न पडता होम प्लेटवरून, फलंदाजाच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेला, तर तो स्ट्राइक. फलंदाजाने न मारलेला चेंडू या चौकटीबाहेरून गेला, तर त्याला ‘बॉल’ म्हणतात, आणि असे चार बॉल म्हणजे प्रतिपक्षाला फुकटचा बेस.

आता हे काम खरोखरच ‘एवढं साधं’ आहे काय, याचा हिशेब करून पाहू. होम प्लेटची रुंदी १७ इंच. मोठ्या मुलींच्या सामन्यांत चेंडूचा घेर १२ इंच, म्हणजे व्यास चार इंचांहून किंचित कमी. पिचरची पट्टी ४३ फुटांवर असते; लहान वयोगटांत हे अंतर कमी ठेवतात. तिचे लांब पाऊल वजा केले तर चेंडूला सुमारे ३६ फूट प्रवास करायचा असतो. एवढ्या अंतरावर दिशेत एका अंशाची चूक झाली, तर चेंडू साडेसात इंच सरकतो. शिवाय चेंडूचा वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर तो सुटण्याच्या क्षणी हात इतक्या झपाट्याने फिरत असतो की, सेकंदाच्या हजाराव्या भागात तो सुमारे दोन अंश पुढे जातो. म्हणजे चेंडू सोडायला एक हजारांश सेकंद उशीर झाला, तर तो सव्वा फूट वर जाणार! ज्या चुकीवर आपण काठावरून ओरडतो ती एवढी सूक्ष्म असते. ती पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही. तिचा पत्ता लागलाच तर मुलीच्या बोटांना लागतो.

परंतु जे डोळ्याला दिसत नाही, ते चेंडू कुठे गेला यावरून पुष्कळसे वाचता येते. हात मांडीपाशी येऊन पुढे वर उचलला जात असतो. म्हणून चेंडू उशिरा सुटला तर वर जातो, लवकर सुटला तर मातीत जातो. शरीराच्या ठेवणीचाही असाच परिणाम होतो. मुलगी मागे रेलली तर चेंडू उंच जातो, कंबरेतून पुढे झुकली तर खाली पडतो. चेंडू डावी-उजवीकडे जात असेल, तर पावलाकडे पाहावे. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटच्या मध्यापर्यंत मातीत एक सरळ रेघ ओढली आहे अशी कल्पना करा. पाऊल त्या रेघेवर पडले आणि हातही त्याच रेघेवर फिरला, तर चेंडू सहसा दिशा सोडत नाही. पाऊल आडवे पडले की हाताला शरीराला वळसा घालावा लागतो, आणि चेंडू बाजूला ओढला जातो.

एवढे जाणणाऱ्या मार्गदर्शकालाही एक मोह होतो, आणि तोच घातक आहे. सामना चालू असताना तो मुलीची सारी पद्धत दुरुस्त करू पाहतो. मैफलीत बसलेल्या गायकाचा तंबोरा मध्येच उतरला, तर तो खुंटी पिळून स्वर जुळवून घेतो आणि पुढे गातो. गळा कसा लावावा याचा धडा तो तेथे गिरवीत बसत नाही. तो धडा घरच्या रियाजाचा असतो. मैदानावरही हाच विवेक हवा. सामन्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती दोन शब्दांत सांगता येण्याजोगी असावी. चेंडू उंच जात आहे? “मांडीपाशी सोड.” मातीत जात आहे? “ताठ राहा.” बाजूला जात आहे? “पाऊल रेघेवर.” याहून अधिक शब्द त्या घटकेला तिच्या कानांत शिरतात, पण हातापर्यंत पोहोचत नाहीत.

घाबरलेल्या मुलीची एक खोड मात्र अवश्य ओळखावी. चेंडू भरकटू लागले की ती हात सावकाश फिरवते. टाकण्याऐवजी तो जणू अलगद नेऊन ठेवू पाहते. तिला वाटते, वेग कमी केला की नेम सुधारेल. प्रत्यक्षात उलट होते. हजार वेळा गिरवून हाताला जी लय जडली आहे ती पूर्ण वेगाची असते, आणि वेग बदलताच चेंडू सुटण्याचा क्षणही बदलतो. म्हणून “जपून टाक” हा सल्ला सद्‌हेतूचा असला तरी वाईट आहे. “हात नेहमीसारखा फिरव, चेंडू मधोमध टाक, तिने मारला तर मारू दे, मागे आठ जणी उभ्या आहेत,” असे सांगावे. या शेवटच्या वाक्याने पुष्कळ भार उतरतो, कारण आपण एकट्याच हरत आहोत असे त्या वेळी पिचरला वाटत असते.

ही सुधारणा सामन्यात साधायची, तर तिची पूर्वतयारी सरावात झाली पाहिजे. त्यासाठी एक साधा अभ्यास आहे. मुलीला मुद्दाम चुकीचे चेंडू टाकायला लावावेत. एक कॅचरच्या डोक्यावरून, एक मातीत, मग एक बरोबर मध्ये. पुन्हा एक डावीकडे, एक उजवीकडे, मग मध्ये. प्रत्येक चेंडूनंतर आपण काही बोलू नये, तिलाच विचारावे, “काय वेगळं वाटलं?” पहिल्या दिवशी ती खांदे उडवील. पंधरा दिवसांनी म्हणेल, “बाई, हा जरा उशिरा सुटला.” हे वाक्य ज्या दिवशी तिच्या तोंडून आले, त्या दिवशी निम्मी विद्या तिच्या हाती आली असे समजावे. चूक कशी होते हे जिच्या हाताला ठाऊक आहे, तिला त्या चुकीतून परत येण्याची वाटही ठाऊक असते.

सामन्यात तिचा खरा आधार काठावरचे आपण नसतो. समोर बसलेली कॅचर असते. चेंडू येताना तिला जसा दिसतो तसा कोणालाच दिसत नाही. दोघींचा खुणेचा शब्द आधीच ठरलेला असावा. पंचांचा कौलही दोघींनी मिळून वाचावा. नियम एकच असला तरी एखादे पंच खालचा चेंडू उदारपणे देतात, एखादे देत नाहीत. पहिल्या डावातच हे ओळखून नेम थोडा सरकवावा. त्यांच्यावर रागावून तो सुधारत नाही. बहुतेक नियमावल्यांप्रमाणे दोन चेंडूंच्या मध्ये पिचरला २० सेकंद मिळतात. ते तिचे हक्काचे आहेत. पाठ वळवून दोन पावले चालावे, एक दीर्घ श्वास सोडावा, खुणेचा शब्द मनात म्हणावा, मग पट्टीवर यावे. मार्गदर्शकाला मैदानात जाऊन भेटण्याची संधी नियमांनी मोजकी ठेवली आहे. ती उपदेशात न दवडता मुलीला दम घेऊ देण्यासाठी वापरावी.

आणि कधी कधी चूक पद्धतीचीही नसते, मनाचीही नसते. ती थकव्याची असते. पाय दमले की पाऊल आखूड पडते, आणि सारी लय ढळते. खालच्या हाताने टाकल्याने खांद्याला इजा होत नाही अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. १९९० च्या दशकापासून झालेल्या मोजमापांनी ती खोटी ठरविली. त्या फिरक्यात खांद्यावर येणारा ताण वरच्या हाताने फेकण्याच्या ताणाच्या तोडीचा असतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो हिने एकाच दिवशी दोन सामन्यांत ३१८ चेंडू टाकले, आणि दुसऱ्या दिवशी आणखी ९५ टाकून अमेरिकेला ३-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या पराक्रमापुढे कोणीही मान लववील. पण उएनो त्या वेळी २६ वर्षांची, कसलेली खेळाडू होती. तिचे उदाहरण तेरा वर्षांच्या मुलीला बळेच पुढे टाकायला लावण्यासाठी देणे हा अपराध होईल. मुलगी खांदा चोळू लागली, चेंडू एकसारखे उंच जाऊ लागले, की दुसरीच्या हाती चेंडू द्यावा, आणि ‘हे शिक्षा म्हणून नव्हे’ असे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे.

शेवटी पुन्हा त्या मैदानावर जाऊ. दोन मुली बेसवर आहेत, काठावर गलका चालू आहे. कॅचर उठते, चेंडू हातात घेऊन पिचरपाशी चालत येते आणि हळूच म्हणते, “मांडीपाशी सोड गं.” मुलगी पाठ वळवते, श्वास सोडते. पुढचा चेंडू स्ट्राइक पडेल की नाही, हे मी आपल्याला सांगू शकत नाही. तिलाही ते ठाऊक नाही. परंतु तो चुकला तर का चुकला हे तिला कळेल, आणि त्यापुढचा कसा टाकावा हेही कळेल. आपल्या चुकीकडे न भिता पाहता येणे, एवढे जरी या खेळाने तिला दिले, तरी ती रविवारची सकाळ वाया गेली असे म्हणवणार नाही. तेव्हा वडीलमंडळींनी त्या २० सेकंदांपुरते तरी गप्प राहावे. तेवढी मदत आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखी आहे.