लूत भरलेले मांजर आणि आपण

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक निवृत्त शिक्षिका आल्या. उजवा हात पदराखाली झाकलेला. बाहेर काढला तर मनगटापासून बोटांपर्यंत टरटरून सुजलेला, लाल आणि गरम. अंगठ्याच्या मुळाशी सुईने टोचल्यासारख्या दोन बारीक खुणा. "काय झाले बाई?" असे विचारल्यावर आधी म्हणाल्या, "काही नाही, जरा ओरखडा आहे." मग हळूहळू सारे बाहेर आले.

त्यांच्या परसात, न्हाणीघराच्या मागे, महिनाभर एक मांजर येऊन बसत होते. कानांवर जाड खपल्या, मानेवरचे केस गेलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कोणाचे ते कोणालाच ठाऊक नाही. बाईंना राहवेना. करंजेल तेलात हळद कालवून त्या लावायला गेल्या आणि मांजर कडाडून चावले. बाईंनी उरलेली हळद जखमेत दाबली आणि 'सून ओरडेल' म्हणून दोन दिवस घरात कोणाला सांगितले नाही.

मी त्यांना चार शब्द सुनावले. जखम साबण-पाण्याने पुन्हा धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, रेबीजची लस सुरू केली, सूज उतरण्यासाठी अँटिबायोटिक दिले आणि सीरमसाठी सरकारी रुग्णालयात पाठवले. जाता जाता बाई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "ते सगळे खरे हो डॉक्टर. पण मग त्या मुक्या जिवाला तसेच मरू द्यायचे होते का?"

प्रश्न रास्त होता. मला चटकन उत्तर देता आले नाही, त्याला कारण आहे.

माझ्या हातून झालेली चूक

१९९८ साल असावे. मी नवीनच दवाखाना टाकला होता. शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी धावत आली. "डॉक्टरकाका, माझ्या मनीला खरूज झालीय, औषध द्या ना!" मी हसलो आणि खरजेच्या रोग्यांना देतो तीच बेन्झिल बेन्झोएटची बाटली तिच्या हातात ठेवली. "अंगभर लाव," असेही सांगितले. पोरीने मन लावून औषध लावले. मनीने आपल्या सवयीप्रमाणे सारे अंग चाटून काढले. रात्री तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले, झटके आले. सकाळी मनी गेली. "आजार फार वाढला होता गं," असे सांगून मी त्या मुलीची समजूत घातली.

खरे कारण मला काही महिन्यांनी कळले, तेही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांशी सहज बोलताना. मांजर दिवसभर अंग चाटते, त्यामुळे अंगाला लावलेले औषध पोटात जातेच. शिवाय काही औषधे निकामी करून बाहेर टाकण्याची जी सोय माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. माणसाचे औषध मांजराला विष ठरते ते असे. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

त्या मुलीला मी हे कधीच सांगितले नाही. निदान वाचकांना तरी सांगावे, म्हणून आज हे लिहितो आहे.

आधी पाहा, मग विचारा

गल्लीत रोगट मांजर दिसले तर प्रथम लांबून दोन-तीन दिवस पाहा. फाटका कान आणि तोंडावरचे व्रण म्हणजे हाल झालेले मांजर, असे नाही. बोके भांडखोर असतात, त्यांचे रूप तसेच असते. मांजरीचे पोट लोंबत असेल आणि ती हाडकुळी झाली असेल, तर कुठेतरी पिल्ले असण्याचा संभव आहे. अशा वेळी तिला उचलून नेले तर मागे पिल्ले उपाशी मरतील.

निरोगी मांजर स्वतःला चाटूनपुसून स्वच्छ ठेवते. केस राठ होऊन त्यांच्या गाठी झाल्या असतील, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आलेला दिसत असेल, अन्न समोर असूनही ते खात नसेल, तर मांजर आजारी आहे असे समजा. कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडावर आणि मानेवर पसरणाऱ्या जाड खपल्या बहुधा लुतीच्या असतात. ही लूत बारीक किड्यांमुळे होते आणि योग्य औषधाने बरी होते.

मग चार घरी चौकशी करा. आपण ज्याला बेवारस समजतो त्याला कधी पलीकडच्या गल्लीतल्या आजी रोज भात घालत असतात. मालक सापडला तर त्याला टोचून बोलू नका. पुष्कळदा माणूस निष्काळजी नसतो. मांजरालाही डॉक्टर असतो हे त्याच्या डोक्यातच आलेले नसते.

खायला घाला, पण औषध नको

खाणे रोज ठराविक वेळी, ठराविक जागी ठेवा. भातात उकडलेले मासे किंवा अंडे कुस्करून दिले तरी चालते. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर मुळीच नको, तो मांजराला बाधतो. नुसते दूधही बरे नव्हे. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना ते पचत नाही आणि हगवण लागून अशक्त जीव आणखी खंगतो. पाण्याची वाटी मात्र अवश्य ठेवा.

जखमेवर फिनेल, अंगाला रॉकेल किंवा जळके ऑइल, हे प्रकार कृपा करून करू नका. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधेही मांजराला मारक असतात. घरातल्या औषधांच्या डब्यातले काहीही मांजराला देऊ नका.

चार-सहा दिवसांत मांजर खाण्याच्या जागेला सरावते. तेव्हा झाकणाच्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात खाणे ठेवावे. ते आत गेले की झाकण लावून थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. हाताने धरायचा प्रयत्न करू नये. लुतीवर तेथील डॉक्टर वजन पाहून औषध देतात, ते बहुधा एकापेक्षा अधिक वेळा द्यावे लागते. नसबंदीचेही त्यांनाच विचारा. मांजरीला पाच-सहा महिन्यांची असतानाच गर्भ राहू शकतो आणि दोन महिन्यांत ती विते. गल्लीतल्या उपाशी पिल्लांचे मूळ येथे आहे. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणे हा उपाय नव्हे. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

स्वतःला जपा

मांजराचे दात बारीक आणि टोकदार. वर जखम सुईच्या छिद्राएवढी दिसते, पण लाळेतले जंतू खोल जातात आणि एक-दोन दिवसांत हात सुजतो. त्याहून गंभीर म्हणजे रेबीज. तो केवळ कुत्र्यापासून होतो असा समज आहे, पण मांजरापासूनही होतो. लक्षणे सुरू झाल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. एकाएकी अंगावर धावून येणारे, आवाज बदललेले, लाळ गाळणारे किंवा पाय ओढत चालणारे मांजर दिसल्यास जवळ जाऊ नका आणि मुलांना घरात घ्या.

मांजर चावले किंवा नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. पट्टी घट्ट बांधू नका, टाके घालण्याची घाई करू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. पोटातल्या १४ इंजेक्शनांची धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. आता दंडात लस देतात ती पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७, १४ व २८ व्या दिवशी. कातडीत देण्याच्या पद्धतीत १४ व्या दिवसाचे वगळतात. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागते. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. सूज उतरली म्हणून इंजेक्शने अर्धवट सोडू नका.

रोगट मांजर मुलांनी कुरवाळल्यास अंगावर गोल चट्ट्यांचा नायटा उठू शकतो. हात लागलाच तर साबणाने धुवावा. गरोदर बाईने मांजराची विष्ठा काढू नये. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी रोजच्या रोज करावे. त्यासाठी मांजराला घराबाहेर काढण्याची गरज नाही.

कालच बाई चौथे इंजेक्शन घेऊन गेल्या, पाचवे राहिले आहे. हाताची सूज गेली आहे. त्यांच्या नातवाने भाकरीच्या टोपलीवर परात बांधून मांजराला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन आणले. आणखी एकदा न्यायचे आहे. कानाच्या खपल्या सुटू लागल्या आहेत, असे बाई सांगत होत्या. आणि हो, मांजर आता सुनेच्या हातचा भात खाते!