सोळापैकी शून्य

परवा लेकीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, माझ्या ऑफिसात कुणाला खरंच वाटत नाही, की मी लहानपणी अशा टीमची फॅन होते, जी अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच जिंकली नाही." म्हटलं, "त्यांना सांग, साक्षीदार हयात आहे."

गोष्ट २००३ सालची. आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला होतो. शार्लट म्हणजे बँकांचं गाव. मी एका बँकेत कंत्राटावर प्रोग्रॅमर होतो. जानेवारीत कंत्राट संपलं आणि ज्या कन्सल्टिंग कंपनीनं माझा एच-वन केला होता, तिनं मला ‘बेंच’वर बसवलं. मालकानं फोनवर सांगून टाकलं, मेअखेरपर्यंत प्रोजेक्ट मिळालं तर ठीक, नाहीतर तुझं तू बघ. आज एच-वनवाल्याची नोकरी गेली तर साठ दिवसांपर्यंत मुदत मिळते, पण तो नियम २०१७ चा. तेव्हा तेवढाही आधार नव्हता.

सांगलीला घरी यातलं मी काहीच कळवलं नव्हतं. दर रविवारी कॉलिंग कार्डवरून फोन व्हायचा. अण्णा विचारायचे, "कसं चाललंय?" मी म्हणायचो, "मस्त."

फेब्रुवारीत शेजारच्या अपार्टमेंटमधल्या आजोबांनी दार वाजवलं. त्यांच्याकडे कॅरोलायना कोब्राज या अरीना फुटबॉलच्या टीमची सीझनची चार तिकिटं होती आणि बरोबर यायला कुणी नव्हतं. फुकट करमणूक आणि वर गाडीत लिफ्ट! घरात बसून रेझ्युमे पाठवण्यापेक्षा बरं, म्हणून आम्ही तिघं निघालो.

अरीना फुटबॉल म्हणजे काय, हे आपल्या माणसाला सांगायचं तर अमेरिकन फुटबॉलचं बॉक्स क्रिकेट. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकर बघताना जिम फॉस्टर यांना ही कल्पना सुचली आणि तिथंच हातातल्या पाकिटावर त्यांनी मैदान आखलं, म्हणे. १९८७ ला चार संघांवर लीग सुरू झाली. शंभरऐवजी पन्नास यार्डांचं मैदान, अकराऐवजी आठ खेळाडू, कडेला गाद्या लावलेल्या भिंती. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना जाळ्या असतात आणि किक मारलेला चेंडू जाळीवर आपटून परत आला तरी खेळ चालूच. दोन्हीकडून चाळीस-पन्नास गुण होणं नेहमीचं. त्या काळी बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव दोन्ही करावं लागे, त्यामुळे दमून बाहेर बसायची सोय नाही. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. आमच्या पाच वर्षांच्या लेकीला खेळातलं हे एवढंच कळलं आणि ती मांडीवर टोपी पसरून बसली.

शार्लट कोलिझियम हे प्रचंड सभागृह. चोवीस हजारांच्या आसपास खुर्च्या. इथंच बास्केटबॉलच्या हॉर्नेट्सचे सलग ३६४ सामने हाऊसफुल्ल झाले होते. पण २००२ मध्ये हॉर्नेट्स गाव सोडून न्यू ऑर्लिन्सला गेले. मोठ्या वाड्यात मागे राहिलेल्या भाडेकरूसारखे कोब्राज तिथं खेळत होते. खुर्च्या रिकाम्या. वर डोक्यावर टांगलेला धावफलक मात्र पूर्ण आकाराचा.

पहिला सामना हरले. दुसरा हरले. मला वाटलं, बसेल जम. पाचवा हरले, सहावा हरले. आजोबा दर वेळी पॉपकॉर्नचा मोठा पुडा घ्यायचे आणि म्हणायचे, "आज बघ." खेळ संपला की खेळाडू मैदानात सह्या द्यायला थांबत, ती या लीगची पद्धतच. पन्नास गुणांनी मार खाल्ला तरी थांबत. एकदा खांद्याला बर्फ बांधलेला एक धिप्पाड गडी लेकीच्या टोपीवर सही करायला गुडघ्यावर बसला. ती त्याला म्हणाली, "नेक्स्ट टाइम." तो हसून म्हणाला, "येस, मॅम."

मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याचं हरणं लपवायची सोयच नव्हती. सगळ्या गावाला दिसत होतं.

मग आली २३ मार्च. वर्ल्ड कपची फायनल. पहाटे तीनला एका मित्राच्या घरी आम्ही पंधराजण चहाचं पातेलं घेऊन बसलो. पॉन्टिंगनं नाबाद १४० काढल्या, ऑस्ट्रेलियाच्या दोन बाद ३५९ झाल्या आणि आपण १२५ धावांनी हरलो. घरी येऊन सांगलीला फोन लावला. तिथं रात्रीचे दहा वाजून गेलेले, अण्णा कावलेले. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात लेकीनं फोन घेतला.

"आजोबा, आमची टीम पण रोज हरते. आणि बाबा रोज घरीच असतात."

मी धावत येऊन फोन घेतला. पलीकडे शांतता. मग मी सगळं सांगितलं, जानेवारीपासूनचं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "खायला पैसे आहेत?"

"मेपर्यंत आहेत."

"मग दोन महिने ‘मस्त, मस्त’ म्हणायला कार्डं कशाला जाळलीस? पोरीला कळतं ते मला कळलं असतं तर मी काय मेलो असतो?"

पुढच्या रविवारी अण्णांचा पहिला प्रश्न, "तुमच्या कोब्रांचं काय?"

"हरले."

"परत?"

"परत."

"बरं. आणि तुझं?"

"अजून नाही."

मग हेच ठरून गेलं. आधी कोब्रांचं, मग माझं. ‘अजून नाही’ म्हणताना घसा दाटायचा, तो हळूहळू दाटेनासा झाला. परदेशात गेलेलं पोर घरी फक्त जिंकलेले सामने कळवतं. नवी गाडी, नवं घर, बर्फातले फोटो. हरलेल्याचा स्कोअर सांगायला शब्द सापडत नाहीत. मला ते एका हरणाऱ्या टीमनं उसने दिले.

मेच्या मध्यावर सीझन संपला. सोळा सामने, सोळा पराभव. त्यानंतरच्या आठवड्यात मला व्हर्जिनियात रिचमंडला प्रोजेक्ट मिळालं. निघताना आजोबा म्हणाले, पुढच्या वर्षी ये, आम्ही जिंकू. खरंच, पुढच्या वर्षी कोब्राज काही सामने जिंकले. पण २००४ नंतर टीमच बंद झाली. २००७ मध्ये कोलिझियम सुरुंग लावून पाडलं. लीगही एकदा थांबली, पुन्हा उभी राहिली आणि २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये त्याच नावानं पुन्हा सुरू झाली, तर काही आठवड्यांतच एकेक संघ गळायला लागला.

अण्णा जाऊन आता दहा वर्षं होतील. त्यांच्यानंतर सांगलीचं घर आवरताना आईनं जपून ठेवलेली जुनी कालनिर्णयं निघाली. २००३ च्या कालनिर्णयात मार्चअखेरपासून रविवारच्या चौकटींत, दुधाच्या हिशेबाशेजारी, अण्णांच्या बारीक अक्षरात एकच शब्द होता: ‘हरले’. पुढच्या रविवारी ‘हरले’. त्याच्या पुढच्या रविवारी ‘हरले’. आणि २५ मे च्या चौकटीत ‘लागली’.

ती पानं मी इकडं घेऊन आलोय. परवा फोन ठेवल्यावर त्यांचा फोटो काढून लेकीला पाठवला. ऑफिसात दाखवायला.