आधी मास्क, मग बाकीचा सरंजाम

'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका 2024च्या जानेवारीत नौदलातून निवृत्त झाली, आणि ती निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी बसवून तिचे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना पुढे जाहीर झाली, तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावरील तरुणांच्या डोक्यात स्कूबाने घर केले आहे. केशवसुतांच्या जन्मस्थानामुळे ज्याचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे त्या मालगुंडातही हे वारे येऊन पोचले, याचा मला मनापासून संतोष वाटला. परंतु गेल्या हिवाळ्यात गावातील एका महाविद्यालयीन मुलाने, प्रशिक्षणाला नाव घालण्यापूर्वीच घरपोच मागवलेला आपला सरंजाम मोठ्या उमेदीने माझ्या ओटीवर मांडला, तेव्हा तो संतोष टिकला नाही. त्यात खोली मोजणारा मनगटी संगणक होता, पाण्यात चालणारा कॅमेरा होता, पोटरीला बांधायची सुरी होती; आणि मास्क होता तो कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा झाकणारा, पृष्ठभागावर तरंगत खाली पाहण्यासाठी केलेला. या मास्कमध्ये सिलिंडरमधली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात धरायला जागाच नसते आणि कानांतला दाब सोडण्यासाठी नाक चिमटीत धरता येत नाही. म्हणजे ज्या कामासाठी तो घेतला त्याच कामाला तो सर्वस्वी निरुपयोगी. विकणाऱ्याने मात्र त्याच्या जाहिरातीत 'स्कूबा' हा शब्द ठळकपणे छापला होता. मुलाचे पैसे गेले ते गेलेच. पण त्याला वेळीच सांगणारा माणूस आता कोणत्याही दुकानात उरलेला नाही, ही गोष्ट माझ्या मनाला अधिक लागली.

स्कूबाच्या विद्येचा आरंभीचा इतिहास थोडक्यात आटोपता येईल. फ्रान्समध्ये 1943 साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी, बुडी मारणाऱ्याला हवी तेव्हा आणि हवी तितकीच हवा देणारे यंत्र सिद्ध केले आणि पाणबुड्याची वरून सोडलेल्या नळीपासून सुटका झाली. त्यानंतरची कित्येक दशके आमच्या किनाऱ्यापुरती कोरडीच गेली. नौदलाचे पाणबुडे होते, पुढे लक्षद्वीप आणि अंदमान येथे सुखवस्तू प्रवासी बुडी मारू लागले. पण खडकांवरची कालवे आणि काकई काढण्यासाठी नुसत्या दमावर बुडी मारणाऱ्या आमच्या माणसांचा या नव्या विद्येशी काही संबंध आला नाही. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले, तेही प्रथम कागदोपत्री. आणि मच्छीमारांच्या मनात त्याने कुतूहलापेक्षा धास्तीच अधिक निर्माण केली.

मी ज्या काळाविषयी लिहू इच्छितो तो त्यानंतरचा, या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे दहा वर्षे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकाराने मालवणच्या मच्छीमार कुटुंबांतील तरुणांना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची प्रवाळे दाखवण्याचे शिक्षण मिळाले, पुढे तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, आणि ज्या मुलांच्या वाडवडिलांनी आयुष्यभर जाळी ओढली त्या मुलांनी जगभर मान्य असलेली प्रशिक्षकाची प्रमाणपत्रे मिळवली. मालगुंडाहून तिथवर जायचे तर निम्मा दिवस गाडीत मोडे. तरी ऑक्टोबर सरून पाणी निवळू लागले की आम्ही काही मंडळी दरवर्षी जात असू. त्या दिवसांत शिकवणाऱ्याला वेळ होता, शिकणाऱ्याला घाई नव्हती, आणि विक्रीचे ओझे दोघांच्याही डोक्यावर नव्हते.

तिथल्या एका वयस्क प्रशिक्षकाचा शिरस्ता मला विशेष स्मरणात आहे. नवा माणूस आला की तो त्याला सिलिंडरजवळ फिरकू देत नसे. पडवीतली एक लाकडी पेटी तो ओढून आणी. तीत निरनिराळ्या घडणीचे, अरुंद आणि रुंद, एकभिंगी आणि दुभिंगी असे मास्क भरलेले असत. नवशिक्याने मास्कचा पट्टा मागे न लावता तो केवळ चेहऱ्याला टेकवावा, नाकाने हलकासा श्वास आत घ्यावा आणि हात सोडून द्यावा. मास्क पडला नाही तर तो त्याच्या चेहऱ्याचा, पडला तर दुसरा काढावा. एवढ्यावर खातरजमा झाली असे तो मानीत नसे. मग तोंडात रेग्युलेटरचा रबरी तुकडा धरायला लावून तीच परीक्षा पुन्हा होई, कारण तोंड तसे उघडले की गालांची ठेवण पालटते आणि कोरड्या चेहऱ्यावर घट्ट बसलेला मास्क पाण्यात झिरपू लागतो. आमच्यातल्या एका भरघोस मिशीवाल्या गृहस्थांना एकही मास्क बसेना, तेव्हा त्याने कात्री मागवून त्यांच्या नाकपुड्यांखालची केवळ बोटभर रुंदीची पट्टी कापून घेतली आणि बाकीची मिशी सन्मानपूर्वक राखली. त्यानंतर मास्क बसला.

पहिली खरेदी मास्कचीच का, याचे उत्तर या पेटीत होते. बाकीची सगळी साधने भाड्याने मिळतात आणि थोड्याफार फरकाने कोणालाही चालतात. चेहरा मात्र ज्याचा त्याचा. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि मास्कमधली हवा निम्म्यावर येते, ती भरून काढायला नाकाने थोडी हवा आत सोडावी लागते. म्हणून नाक आत घेणारा मास्कच हवा, पोहण्याचा चष्मा तिथे डोळे ओढून धरतो. भिंग कडक केलेल्या काचेचे असावे, कडा मऊ सिलिकॉनच्या असाव्यात, आणि ज्याला चष्मा आहे त्याने आपल्या नंबरचे भिंग बसवता येईल असाच मास्क पाहावा. नव्या काचेवर कारखान्यातला एक अदृश्य थर असतो, तो दंतमंजनाने आतून घासून काढल्याशिवाय काच धुरकटायची थांबत नाही, हेही त्या पडवीतच कळले. ज्याचा मास्क झिरपतो त्याला समुद्रात दुसरे काहीच दिसत नाही. त्याचे सगळे लक्ष नाकातोंडाशी आलेल्या पाण्यावर आणि सगळी भीती त्या पाण्याची.

मास्कनंतर पायांचा क्रम. आमचे खडक जांभ्याचे, त्यांवर कालवांच्या धारदार कडा. तेव्हा अनवाणी पायावर चढवायचे फिन्स इथे उपयोगाचे नाहीत, जाड तळव्याचे बूट आणि त्यांवर मागून पट्ट्याने आवळायचे फिन्स हेच या किनाऱ्याला योग्य. पाणी उबदार असल्याने तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो आणि तो पहिले काही दिवस भाड्याचा चालतो. संगणक घ्यावा तो प्रमाणपत्र हाती आल्यावर आणि बुडी नियमित होऊ लागल्यावर. रेग्युलेटर आणि अंगावरचे हवेचे जाकीट ही महाग साधने. रेग्युलेटरची दरसाल तपासणी करून घेण्याची तजवीज ज्याच्यापाशी नाही त्याने ते विकत घेऊच नये. सिलिंडर तर सामान्य माणसाने घरी आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे: आत दोनशे बार दाबाची हवा, ठराविक मुदतीने करावी लागणारी जलदाब चाचणी, आणि ज्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे त्या विस्फोटक सुरक्षा खात्याचे नियम, हा कारभार केंद्रांनीच सांभाळावा.

हा क्रम त्या दशकात कोणी छापून दिला नव्हता, तो माणसाकडून माणसाला मिळे. त्या वेळीही लबाडी नव्हती असे नाही. मुंबईतील एका दुकानदाराने माझ्या चुलतभावाला, मास्क एकट्याने मिळत नाही, संचच घ्यावा लागतो, असे बेलाशक सांगून कडक प्लॅस्टिकच्या भिंगाचा मास्क आणि दोन पावले चालताच निसटणारे फिन्स गळ्यात बांधले होते. पुढे तो संच परत करावयास गेलो असता त्याने आमची दरखास्त ऐकूनही घेतली नाही. एका उपटसुंभ शिकवणाऱ्याने आमच्यासमोर एका मुलीला, रेग्युलेटर आपल्याकडूनच विकत घेतल्याखेरीज प्रमाणपत्र मिळणार नाही, असे बजावले होते. हे धडधडीत असत्य होते, आणि तिने ते त्याच्या तोंडावर तसे म्हटले, याचे मला आजही समाधान वाटते. परंतु अशा माणसांना तेव्हा उतारा होता. दुकानदाराने फसवले तरी पेटीवाला प्रशिक्षक सावरून घेई.

ते दशक सरले आणि गर्दीचे दिवस आले. आता गणपतीपुळ्याचे दर्शन आटोपून आलेल्या कुटुंबाला अर्ध्या तासात पाण्यात घालून, मागून सिलिंडर धरून, माशांसमवेत चार छायाचित्रे काढून वर आणतात. यात अनेक घरांची चूल पेटते आणि तिच्यावर पाणी पडावे असे मला मुळीच वाटत नाही. परंतु या घाईत मास्क कोणाच्याही चेहऱ्यावर न तपासता दिला जातो, तो झिरपतो, माणूस घाबरून वर येतो आणि समुद्र आपल्यासाठी नाही असे कायमचे ठरवून घरी जातो. ज्याला गोडी लागते तो मोबाईलवर चित्र पाहून खरेदी करतो. तो पेटीवाला प्रशिक्षक काम सोडून गोव्याकडे गेला. त्याच्या पेटीची जागा तिथे आता तिकिटाच्या टेबलाने घेतली आहे, आणि हा बदल मला अत्यंत क्लेशदायक वाटतो.

गुलदार पाहण्यासाठी उद्या सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीतही शिकणाऱ्यांची रीघ लागेल. तेव्हा केंद्र चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी निरनिराळ्या मापांच्या डझनभर मास्कची एक पेटी दाराशी ठेवावी, त्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, आणि नवशिक्याला ती धुंडाळायला निवांत वेळ द्यावा. शिकणाऱ्यांनी त्या पेटीतून आपल्या चेहऱ्याचा मास्क ठरवावा, तेवढाच विकत घ्यावा, आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत बाकी काहीही घेऊ नये.