भूसंपादनातील हरकत आणि जनसुनावणी

सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा अधिकार सरकारला आहे. मात्र ती घेण्यापूर्वी त्या जमिनीवर जगणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधनही कायद्याने सरकारवर घातले आहे. हे बंधन उशिरा आले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मुळात हरकतीची तरतूदच नव्हती. १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकरी सत्याग्रहात उतरले, तेव्हा संपादनाला कायदेशीर हरकत घेण्याची सोय त्यांच्यापुढे नव्हती. ती १९२३ च्या दुरुस्तीने आली, ३० दिवसांच्या मुदतीची. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने ही मुदत ६० दिवसांवर नेली आणि हरकतीच्या आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास व जनसुनावणी हा टप्पा जोडला.

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय घरोघरचा आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प उभा राहत आहे. त्याच्या बुडीत क्षेत्रातील गावांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजाच्या पट्ट्यातून गेला. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शतकभराची आहे. सिंदखेडराजा ते शेगाव भक्तिमार्गाच्या आखणीला २०२४ मध्ये मार्गावरील शेतकऱ्यांनी विरोध केला. दुसरीकडे, खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला जिगावचे पाणी हवेच आहे. त्यामुळे हरकत म्हणजे नेहमी प्रकल्पाला नकार असे नव्हे. रस्ता गावठाणाला वळसा घालून जावा, शेताच्या दोन तुकड्यांमध्ये भुयारी वाट असावी, नवे गावठाण आधी आणि घळभरणी नंतर व्हावी, ही मागणीही हरकतीच्या अर्जातच मांडायची असते.

नोटीस हाती पडली की पहिला प्रश्न असतो, ती कोणत्या कायद्याखाली निघाली आहे. मुदत त्यावरच ठरते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ६० दिवस मिळतात, विशेष रेल्वे प्रकल्पासाठी ३० दिवस, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्यात अवघे २१. मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणाऱ्या महामार्गालगतच्या खातेदाराला म्हणूनच धरणाखालच्या खातेदारापेक्षा कितीतरी लवकर हालचाल करावी लागते. समृद्धीसाठी बरीचशी जमीन थेट खरेदीने घेतली गेली. अशा खरेदीत हरकतीची सुनावणी नसते, वाटाघाट असते. म्हणून खरेदीखतावर सही करण्याआधीच सगळे बोलून घ्यावे लागते.

सामाजिक परिणामांचा अभ्यास ग्रामपंचायतीशी सल्लामसलत करून सहा महिन्यांत पूर्ण करायचा असतो आणि त्याची जनसुनावणी बाधित भागातच घ्यावी लागते. प्रकल्प खरोखर लोकहिताचा आहे का, कमी जमिनीत भागेल का, दुसरी जागा पाहिली का, हे प्रश्न इथे विचारता येतात. पुढच्या टप्प्यांवर चर्चा हळूहळू मोबदल्यापुरती उरते. या टप्प्यावर केवळ सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनाच स्थान आहे असे नाही. संपादनाआधीची तीन वर्षे त्याच जमिनीवर मुख्यत्वे पोट असलेले शेतमजूर आणि कुळेही कायद्याच्या व्याख्येत बाधित कुटुंबे ठरतात. सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यात मजुरीवर जगणाऱ्या घरांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे, आणि दुर्दैवाने फार कमी वापरली जाते. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत सुविधा, औद्योगिक क्षेत्रे यांसारख्या प्रकल्पांना या अभ्यासातून सूट देण्याची वाट खुली केली. लोकांना सर्वांत आधी बोलता येईल असा टप्पाच त्यामुळे काही ठिकाणी गळतो. प्रारंभिक अधिसूचनेनंतरची ६० दिवसांची हरकत मात्र शिल्लक राहते.

ही हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी लागते. जमिनीचे क्षेत्र व योग्यता, सार्वजनिक हेतूचे समर्थन आणि सामाजिक अभ्यासाचे निष्कर्ष हे तिचे तीन कायदेशीर आधार आहेत. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्या एका वाक्याच्या, शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा गट क्रमांक, क्षेत्र, विहीर, झाडे, पाइपलाइन आणि सुचवलेला पर्याय नकाशासह मांडणारा एकट्याचा अर्ज अधिक वजनदार ठरतो, कारण त्यातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे लागते. सोबत सातबारा, फेरफार आणि पीकपेऱ्याच्या नोंदी जोडाव्यात, आणि आवक क्रमांक व तारखेची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. सुनावणीत स्वतः, प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडता येते. जिल्हाधिकारी आपल्या शिफारशींसह अहवाल सरकारला पाठवतात आणि त्यावर सरकारचा निर्णय अंतिम असतो.

मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी वेगळी होते, २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते, आणि जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते, त्यातील एक प्रादेशिक भाषेतले असते. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे आणि तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी आधी वाचता येतो. तो न वाचता मांडवात गेलेला माणूस भाषणे ऐकून परततो. सुनावणीचे चित्रीकरण होते, आणि शेवटी कार्यवाहीचा गोषवारा स्थानिक भाषेत उपस्थितांना वाचून दाखवायचा असतो. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथल्या तिथे उभे राहून दुरुस्ती मागावी, कारण दिल्ली-मुंबईत प्रकल्प तपासणाऱ्या समितीपुढे हाच कागद जातो. गणपूर्तीची अट नसल्याने, लोकांनी बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असेच धरले जाते.

ऐकून घेणे हा केवळ उपचार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२४ रोजी कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. मालमत्तेच्या हक्काविषयीच्या संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ मध्ये सात उपअधिकार सामावलेले आहेत, असे न्यायालयाने म्हटले. नोटीस मिळण्याचा, हरकत ऐकली जाण्याचा आणि कारणांसह निर्णय मिळण्याचा हक्क त्यांतलेच.

हरकत फेटाळली गेली तर पुढे संयुक्त मोजणी आणि निवाडा येतो. मोजणीच्या दिवशी शेतावर हजर राहून झाडे-विहिरींची नोंद पाहून घ्यावी. निवाडा मान्य नसेल, तर रक्कम घेताना ‘निषेध नोंदवून’ असे लिहावे, कारण निषेधाशिवाय पैसे घेणाऱ्याचा दाद मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या खातेदाराला भूसंपादन प्राधिकरणाकडे प्रकरण पाठवण्याचा अर्ज निवाड्यापासून सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो.