पणजोबांचा माग दप्तरातून काढताना

नोकरी-व्यवसायासाठी पुण्या-मुंबईत येऊन दोन पिढ्या लोटलेल्या, पण मूळ गाव हिंगोली जिल्ह्यात असलेल्या अनेक कुटुंबांना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न नव्याने पडला आहे. आजोबांचे नाव ठाऊक आहे, पणजोबांचेही कदाचित ठाऊक असेल; पण ते आपले पणजोबा होते, हे कागदावर दाखवायचे कसे? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा असता, तर निवांतपणे सोडवता आला असता. मुलाचा प्रवेश, जातीचे प्रमाणपत्र, त्याची पडताळणी किंवा वडिलोपार्जित जमिनीची वाटणी समोर उभी राहिली की तोच प्रश्न तातडीचा होतो.

मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधामुळे हा विषय घराघरांत पोहोचला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या समितीने पहिल्या टप्प्यात सुमारे १ कोटी ७२ लाख दस्तऐवज तपासले आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी आढळल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर मते वेगळी असू शकतात. त्या वादात येथे शिरायचे नाही. एवढ्या कागदांतून एवढ्याच नोंदी का निघाल्या आणि सामान्य माणसाने आपल्या पूर्वजांचा शोध कोठून सुरू करावा, एवढेच समजून घ्यायचे आहे.

नोंद झाली ती कशासाठी?

युरोपात पूर्वज शोधणाऱ्याचे काम चर्चच्या वहीपासून सुरू होते. पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांची नातवंडे आज आपल्या मूळ गावच्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी पाहतात. अशा नोंदींत आईवडिलांची नावे असल्याने एक पिढी दुसरीला आपोआप जोडली जाते. आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांच्या बाबतीत अशी वही नव्हती. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशभर लागू असणारा एकसारखा कायदा १९६९ मध्ये झाला. त्याआधीच्या नोंदी आहेत, पण त्या तुटक आहेत.

हा फरक हिंगोलीतच स्पष्ट दिसतो. हिंगोली ही निजामाच्या राज्यातील ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेची छावणी होती. ती १९०३ पर्यंत टिकली. या फौजेतील अधिकारी इंग्रज असत. हिंदुस्थानातील इंग्रजांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची विवरणे पाद्री वरिष्ठांकडे पाठवीत आणि त्यांच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत. साहेबाच्या मुलाची नोंद ‘जन्मला’ म्हणून झाली. छावणीशेजारच्या शेतकऱ्याची नोंद झाली ती ‘सारा देणारा’ म्हणून.

पूर्वजांच्या शोधाची किल्ली याच फरकात आहे. आपल्या पणजोबांना सरकारने माणूस म्हणून क्वचितच टिपले. ज्या ज्या ठिकाणी त्यांचे सरकारशी काम पडले, तेथे मात्र त्यांचे नाव उतरले. म्हणून ‘पणजोबांची नोंद कोठे आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘पणजोबांचा कचेरीशी संबंध कशासाठी आला असेल?’ असे विचारावे. जमीन होती काय? सावकाराकडे गहाणखत केले होते काय? मूल दत्तक घेतले होते काय? घरातील कोणी शाळेत गेले होते काय? फौजदारी प्रकरणात कोणी साक्षीदार वा आरोपी होते काय? प्रत्येक होकारार्थी उत्तर एका वेगळ्या दप्तराकडे नेते.

जिल्हा बदलला, राज्यही बदलले

कागद कोणत्या कचेरीत असेल, हे ठरवण्यासाठी आधी गावाचा प्रशासकीय इतिहास पाहावा लागतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. त्यापूर्वीचे जिल्हा पातळीवरील कागद परभणीच्या नावाने असतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे एकाच गावाचे कागद तहसील कचेरीत, परभणीत, छत्रपती संभाजीनगर येथील पुराभिलेखागारात आणि काही बाबतींत हैदराबादच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात विखुरलेले असू शकतात.

मराठवाड्यात सर्वाधिक उपयोगी पडणारा कागद म्हणजे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक. गावातील प्रत्येक सर्व्हे नंबर, त्याचा धारक आणि प्रत्यक्ष कसणारा यांची माहिती त्यात मिळते. आजच्या सातबाऱ्यापासून मागे जाताना हा पहिला भक्कम मुक्काम. त्याच्याही मागे शेतवार पत्रक, पक्काबुक, क्लासर रजिस्टर, वसूल-बाकीची पत्रके असे भूमी अभिलेख खात्याचे कागद येतात. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखते, बटाईपत्रके आणि दत्तकपत्रे असतात. शाळेत प्रवेश-निर्गम उतारा असतो. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४ पाहावा लागतो. यांतील प्रत्येक कागद प्रत्येक गावात शाबूत असेलच असे नाही. एक दार बंद आढळले म्हणून शोध संपला असे मात्र समजू नये.

फसली सन आणि तीन लिपी

जुना कागद हाती आला, तरी तो वाचता येणे ही पुढची अडचण. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८४ नंतर उर्दू होती. गावपातळीवरचे हिशेब मात्र मराठीत, बहुधा मोडी लिपीत ठेवले जात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिले जात नाहीत. घाईघाईच्या उर्दू हस्ताक्षरात नुक्ते गळतात; आणि नुक्ता गळाला की ‘ब’, ‘प’ व ‘त’ ही अक्षरे एकसारखीच दिसतात. त्यामुळे जाणकाराकडून वाचन करून घ्यावे आणि नावाच्या एका अक्षरावर सर्व भिस्त ठेवू नये.

सनाचेही तसेच. संस्थानच्या कागदांवर फसली सन असतो. तो इसवी सनात आणण्यासाठी त्यात ५९० मिळवावे लागतात. ‘हैदराबाद जमीन महसूल अधिनियम, १३१७ फसली’ हा कायदा म्हणजे १९०७ च्या सुमाराचा. फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी ‘आजूर’ महिन्याने सुरू होई. त्यामुळे जानेवारीनंतर पडणाऱ्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. खुर्दाद १३४४ म्हणजे एप्रिल-मे १९३५. हे गणित चुकले, तर आजोबांच्या जन्मापूर्वीच त्यांचे नाव शाळेत घातल्याचे दिसू लागते.

पोलिश नातवंडेही याच अडचणीतून जातात. त्यांचा देश १७९५ पासून १९१८ पर्यंत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटला गेला होता. रशियाच्या ताब्यातील भागात १८६८ पासून चर्चच्या नोंदी रशियन भाषेत होऊ लागल्या आणि त्यांवर जुन्या व नव्या अशा दोन पंचांगांच्या तारखा पडू लागल्या. राज्य बदलले की लिपी, पंचांग आणि कचेरी बदलते. माणूस मात्र त्याच गावात असतो.

नावे सारखी, माणसे वेगळी

सर्वांत मोठी फसगत नावांत होते. जुन्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘मारोती वल्द नामाजी’ म्हणजे नामाजीचा मुलगा मारोती, एवढेच लिहिलेले असते. काही कागदांत ‘वल्द’ऐवजी ‘बिन’ येते. स्त्रीच्या नावापुढे ‘भ्रतार’ लिहून नवऱ्याचे नाव दिलेले असते. त्यातच नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत. एका पिढीत मारोती नामाजी, पुढच्या पिढीत नामाजी मारोती आणि तिसऱ्या पिढीत पुन्हा मारोती नामाजी. एकाच गावात या नावाचे दोन चुलतभाऊही असू शकतात. नाव जुळले म्हणून नाते जुळले, असे होत नाही.

यावर उपाय जमिनीचा. माणसाचे नाव बदलते, उच्चार बदलतो. शेत जागचे हलत नाही. आजच्या गट नंबरावरून एकत्रीकरण योजनेपूर्वीचा सर्व्हे नंबर काढावा आणि त्या एका शेताचे धारक एकामागून एक पाहत मागे जावे. या वाटेवर वारसाचा फेरफार हा सर्वांत मोलाचा कागद ठरतो. खातेदार मृत्यू पावला की त्याच्या जागी कोण लागले, हे त्यात लिहिलेले असते. म्हणजे बाप आणि मुले एकाच ओळीत भेटतात. पतीच्या पश्चात वारस म्हणून लागलेली पणजी कित्येकदा आयुष्यात प्रथम आणि शेवटची येथेच कागदावर दिसते.

शाळेच्या उताऱ्याबाबत एक सावधगिरी. १ जून ही जन्मतारीख दिसली, तर ती बहुधा मास्तरांनी प्रवेशाच्या वेळी अंदाजाने घातलेली असते. ती कायदेशीर कामाला चालेल; पण तिच्यावरून मागचे वर्ष शोधू नये.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती

येथवरची सारी वाट जमीनदाराच्या वा कुळाच्या वारसासाठी आहे. ज्यांचे पूर्वज भूमिहीन होते, गावोगाव फिरत होते किंवा सालगडी म्हणून राबत होते, त्यांचे काय? कागद जमिनीमागे धावला, त्यामुळे ज्यांना पुराव्याची गरज सर्वांत अधिक त्यांच्याच वाट्याला तो सर्वांत कमी आला. हिंगोलीच्या परिसरातील अनेक आदिवासी आणि भटक्या कुटुंबांना हा अनुभव येतो.

प्रमाणपत्रासाठी लागणारा पुरावा ठरावीक तारखेपूर्वीचा असावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा होत. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. अशा कुटुंबांनी १९५१ ची नागरिक नोंदवही, पोलीस ठाण्याची गाववार रजिस्टरे, कारागृहाच्या कच्च्या कैद्यांच्या नोंदी आणि चुलत्या-मालत्यांच्या मुलांचे शाळेचे उतारे पाहावेत. वडिलांकडील रक्तनात्यातील एकाचा जुना पुरावा दुसऱ्याला उपयोगी पडतो. मात्र दोघांना जोडणारी वंशावळ शपथपत्रावर नीट मांडावी लागते.

संख्या म्हणजे पूर्वज नव्हे

अलीकडे ‘हैदराबाद गॅझेटियर’चे नाव वारंवार ऐकू येते. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने त्यातील नोंदींचा आधार घेऊन गावपातळीवरील समितीमार्फत चौकशीची पद्धत ठरवली आणि त्या निर्णयाला न्यायालयात आव्हानही दिले गेले. वाचकाने येथे एक भेद ध्यानात ठेवावा. गॅझेटियर आणि जनगणनेचे अहवाल एखाद्या जिल्ह्यात कोणत्या समाजाचे किती लोक होते, हे सांगतात. त्यांत व्यक्तींची नावे नसतात. संख्येतून समाजाचे अस्तित्व कळते, आपला पणजोबा कळत नाही. व्यक्तीपर्यंत पोहोचायचे, तर नाव असलेला कागद आणि त्या नावापासून आपल्यापर्यंत येणारी प्रत्येक पिढी दाखवावीच लागते. साखळीतील एक कडी निसटली, तर दोन्ही टोके भक्कम असूनही दावा लटकतो.

अशा वेळी हवी ती कडी ‘मिळवून देणारे’ही भेटतात. नंतर खाडाखोड केलेला उतारा पडताळणीत उघडा पडतो. मग प्रमाणपत्र तर जातेच, पण त्यावर मिळालेला प्रवेश वा नोकरीही जाते आणि शिक्षेचीही तरतूद आहे. न सापडलेली नोंद ही अडचण असते; बनावट नोंद हे संकट असते.

सुरुवात घरातून

शोध कचेरीतून नव्हे, घरातून सुरू करावा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ वही घेऊन बसावे. आजोबांच्या भावांची नावे, आत्यांची सासरे, शेताचे बोलीतले नाव, गाव सोडल्याचे साल, कुळाचे दैवत, सारे लिहून घ्यावे. ‘रझाकारांच्या धामधुमीत लग्न झाले’ एवढ्या वाक्यावरूनही १९४७-४८ हे साल हाती लागते. नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुटुंबातील कोणी गेले असल्यास तीर्थोपाध्यायांच्या वहीत गाव आणि आडनावावरून नामावळ सापडण्याची शक्यता असते. तिचे कायदेशीर मोल मर्यादित असले, तरी पुढे कोणाचे नाव शोधायचे, हे तिच्यावरून कळते.

त्यानंतर आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जावे. मधली पिढी गाळून थेट पणजोबांवर उडी घेऊ नये. अर्ज करताना गावाचे जुने नाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि साल लिहावे. ‘माझ्या पूर्वजांची माहिती द्यावी’ अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते. मिळालेल्या प्रत्येक कागदाची साक्षांकित नक्कल घ्यावी आणि तो कोणत्या कचेरीच्या कोणत्या दप्तरातून मिळाला, ते त्याच्या मागे टिपून ठेवावे.

दप्तरातील कागद जीर्ण होत आहेत, हे खरे. पण त्यांची छायाचित्रे घेता येतात, लिप्यंतर करता येते. घरातील वृद्धांच्या आठवणींची नक्कल कोणत्याही कचेरीत मिळत नाही. मारोती नामाजी या दोघांपैकी आपला कोणता, हे सांगणारे माणूस अजून घरात असेल, तर अर्जाआधी त्याच्यापाशी बसावे.